कै. प्रिया तेंडुलकर : विचारणारी गृहिणी

मंडळाच्या स्मरणिकेत एखाद्या कर्तबगार स्त्रीचे चरित्र द्यावे, अशी आपली रीत आहे. बहुधा अशा चरित्रासाठी एखादी संत स्त्री, एखादी राणी किंवा समाजसेविका निवडली जाते. या वेळी एका नटीचे चरित्र दिलेले पाहून काही भगिनींना नवल वाटेल. पण ज्या नटीने लुगड्याचा पदर खोचून, हातात पिशवी घेऊन बाजारात कसे उभे राहावे आणि हक्काचे कसे मागावे हे लाखो गृहिणींना घरबसल्या दाखवले, तिची ओळख नव्या सुनांना व मुलींना करून द्यावी असे वाटते. ती नटी म्हणजे दूरदर्शनवरील ‘रजनी’, अर्थात प्रिया तेंडुलकर.

प्रियाताईंचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ रोजी झाला. सुप्रसिद्ध नाटककार विजय तेंडुलकर यांच्या त्या कन्या. वडील वृत्तपत्रात नोकरी करीत आणि नाटके, कथा, लेख लिहीत. घरी पुस्तके होती, नाटकवाल्यांची ये-जा होती आणि माणसांविषयी मोकळेपणाने बोलणे होते. पैशाची मात्र रेलचेल नव्हती. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकाने तेंडुलकरांचे नाव सर्वत्र झाले, तेव्हा प्रियाताई शाळकरी वयाच्या होत्या. त्या नाटकात खेळ म्हणून मांडलेल्या खोट्या न्यायालयात एका अविवाहित शिक्षिकेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून चारचौघे तिला प्रश्न विचारून हैराण करतात. वडिलांनी प्रश्नांनी घेरलेली स्त्री लिहिली आणि पुढे लेकीने इतरांना प्रश्न विचारणारी स्त्री रंगवली, हा योग विचार करण्यासारखा आहे.

नाटककाराची मुलगी म्हणून प्रियाताईंना रंगभूमीचा रस्ता लवकर दिसला. गिरीश कर्नाडांच्या ‘हयवदन’ नाटकात दोन बोलक्या बाहुल्या आहेत. त्या घरातले सगळे गुपचूप पाहतात आणि आपसात बोलतात. त्यांपैकी एक बाहुली झालेल्या प्रियाताई ही त्यांची अगदी सुरुवातीची भूमिका. दुसरी बाहुली झाल्या होत्या कल्पना लाजमी, ज्यांनी पुढे चित्रपट दिग्दर्शिका म्हणून नाव मिळवले.

पण नाटकावर पोट भरत नाही हे तेंडुलकरांच्या घरात कोणाला सांगावे लागत नव्हते. प्रियाताईंनी अनेक नोकऱ्या केल्या. पंचतारांकित हॉटेलात स्वागतिका म्हणून त्या उभ्या राहिल्या, हवाईसुंदरी म्हणून विमानात फिरल्या, जाहिरातींसाठी मॉडेल झाल्या आणि दूरदर्शनवर बातम्याही वाचल्या. त्या काळी चांगल्या घरातील मुलीने बँकेत किंवा शाळेत नोकरी करणे लोकांना चालत असे. हॉटेल आणि विमान म्हटले की शेजारपाजारची तोंडे वाकडी होत. प्रियाताईंनी त्याची पर्वा केली नाही. काम मागायचे, नेमून दिलेले काम नीट करायचे आणि आपल्या कमाईवर ताठ मानेने जगायचे, हा धडा त्यांनी या नोकऱ्यांत गिरवला. परक्या माणसाशी अदबीने पण न घाबरता बोलण्याची सवयही तेथेच लागली असावी. ‘रजनी’ पाहताना ती सवय जागोजाग दिसे.

१९७४ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ हा चित्रपट आला. शबाना आझमी यांचा हा पहिला प्रदर्शित चित्रपट म्हणून तो अधिक ओळखला जातो. त्यात जमीनदाराच्या मुलाची लहान वयात लग्न झालेली बायको, सरू, ही प्रियाताईंनी केली. नांदायला आल्यावर घरात आधीच वावरणाऱ्या मोलकरणीला ओळखणारी आणि हळूहळू तिला बाहेर काढणारी ही तरुण सून. भूमिका मोठी नाही. पण घरातले खरे काय ते तोंडाने न विचारता केवळ नजरेने समजून घेणारी बाई त्यांनी चोख उभी केली. पुढे १९८० मध्ये शंकर नाग यांच्या ‘मिंचिन ओट’ या कानडी चित्रपटात त्यांनी काम केले. मराठीत ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’, ‘मुंबईचा फौजदार’, ‘माहेरची माणसं’ असे चित्रपट झाले. आपल्या भागातील पुष्कळ भगिनींनी त्यांना प्रथम पाहिले ते याच मराठी चित्रपटांत. तरीही तोवर प्रिया तेंडुलकर हे नाव घरोघर झालेले नव्हते. ते झाले दूरदर्शनमुळे.

आज भिंतीएवढ्या पडद्याची सवय झालेल्या मुलींना त्या वेळच्या दूरदर्शनची कल्पना येणार नाही. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील मनोऱ्यावरून पुणे भागात कार्यक्रम दिसू लागले. रंगीत प्रक्षेपण आले १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी. शिरूरच्या पेठेत काय किंवा दौंडच्या रेल्वे वसाहतीत काय, सगळ्या घरी टीव्ही नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या ओसरीवर आळीतली बायका-मुले जमत. उंच पाइपाला बांधलेली अँटेना सिंहगडाच्या दिशेला वळवायची, पडद्यावर मुंग्या आल्या की पोराला छपरावर चढवायचे आणि खालून ओरडून सांगायचे. वाहिनी एकच. त्यामुळे जे लागेल ते सगळ्या गावाने एकाच वेळी पाहायचे आणि सोमवारी पाण्याच्या नळावर त्याचीच चर्चा करायची. १९८४ मध्ये ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली आणि मालिकांचे वेड लागले. त्याच्या पाठोपाठ १९८५ मध्ये रविवारी सकाळी ‘रजनी’ दिसू लागली.

‘रजनी’चे दिग्दर्शक होते बासू चटर्जी. ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’ असे मध्यमवर्गीय घरातले, बसस्टॉपवरचे आणि कचेरीतले साधे जग दाखवणारे चित्रपट त्यांनी केले होते. मालिकेच्या लेखनात करण राझदान यांचा वाटा होता आणि रजनीच्या नवऱ्याची भूमिकाही त्यांनीच केली. कथा सांगायची तर अगदी थोडकी. रजनी ही एका मध्यमवर्गीय घरातील गृहिणी. नवरा नोकरी करणारा, सज्जन, पण भांडण नको म्हणणारा. रजनीला मात्र अन्याय दिसला की राहवत नाही. गॅसच्या सिलिंडरसाठी ताटकळत ठेवणारे, टॅक्सीत मन मानेल तसे वागणारे, कचेरीत टेबलाटेबलांवर फिरवणारे अशांशी तिची दर भागात गाठ पडते. ती नियम काय ते विचारते, वरच्या साहेबाचे नाव विचारते, तक्रारवही मागते आणि काम झाल्याखेरीज जागची हलत नाही.

यात नवे काय होते, असे कोणी विचारील. नवे होते ते रजनीचे बोलणे. आपल्याला लहानपणापासून शिकवले गेले की बाईने चारचौघांत आवाज चढवू नये, कोणाच्या तोंडी लागू नये, पाच-पन्नास रुपये गेले तरी अब्रू सांभाळून घरी यावे. दुकानदाराने तराजूत बोट ठेवले तरी पाहून न पाहिल्यासारखे करायचे. रजनीने दाखवले की विचारणे म्हणजे भांडणे नव्हे. ती शिवी देत नसे, रडत नसे, आक्रस्ताळेपणा करीत नसे. कपाळाला कुंकू, अंगावर साधी साडी आणि आपल्या घरातलीच थोरली जाऊ बोलावी तसा ठाम आवाज. यामुळे घरातल्या सासूबाईंनाही ती आगाऊ वाटली नाही. हिंदी भाषा अडचणीची वाटणाऱ्या बायकांनाही तिचे म्हणणे समजत होते, कारण रॉकेलच्या आणि रेशनच्या रांगा भाषेखेरीजही समजतात.

या मालिकेचा बोलबाला एवढा झाला की टॅक्सीवाल्यांवरचा भाग दाखवल्यावर मुंबईतील टॅक्सीचालक संतापले आणि त्यांनी दूरदर्शन केंद्रावर जाऊन निषेध केला. एका मालिकेतील काल्पनिक बाईने विचारलेला प्रश्न खऱ्या माणसांना झोंबला. यापेक्षा मोठी पावती कोणती असावी? अर्थात रागावलेल्या टॅक्सीवाल्यांचीही बाजू होती. सगळेच काही लबाड नसतात, उन्हातान्हात दिवसभर गाडी चालवणाऱ्याचेही हाल असतात. पण प्रामाणिक माणसाला प्रश्नाची भीती नसते, हेही तितकेच खरे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. रजनी आभाळातून पडली नाही. तिच्या आधी आपल्याच महाराष्ट्रातील खऱ्याखुऱ्या बायकांनी हे काम केले होते. १९७२ मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी भगिनींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. तेल, साखर, रवा मिळेना तेव्हा हजारो गृहिणी हातात लाटणी घेऊन थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताईंना तर लोक पाणीवाली बाई म्हणत. इकडे पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची सुरुवात केली आणि गिऱ्हाईक हा उपकार घेणारा नसून हक्कदार आहे ही गोष्ट गावोगाव सांगितली. ही सगळी मशागत झालेली होती. त्या जमिनीत ‘रजनी’चे बी पडले म्हणून ते इतक्या जोमाने उगवले.

आणखी एक. ‘रजनी’ दाखवली जात होती तेव्हा गिऱ्हाइकासाठी वेगळा कायदा नव्हता. ग्राहक संरक्षण कायदा झाला डिसेंबर १९८६ मध्ये. म्हणजे रजनी लढली ती केवळ आवाजाच्या आणि चिकाटीच्या बळावर. आज आपल्या हाती कायदा आहे. तो २०१९ मध्ये नव्याने करण्यात आला आणि २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते. वस्तू विकणारी कंपनी मुंबईची असो की दिल्लीची, शिरूरच्या किंवा दौंडच्या बाईला पुण्याच्या जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील द्यावाच लागत नाही आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. फोनवरून सल्ला हवा असेल तर १९१५ हा क्रमांक आहे. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते आणि सिलिंडर आणणाऱ्याला वजन करून दाखवण्यास सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण आपल्यापैकी किती जणींनी आजवर एकदा तरी वजन करायला लावले? कायदा आला, काटा आला, विचारणारी मात्र घरातच राहिली, असे होऊ नये.

आता पुन्हा प्रियाताईंकडे वळू. ‘रजनी’ने त्यांना कीर्ती दिली आणि त्या कीर्तीचे ओझेही दिले. रस्त्यात, गाडीत, समारंभात लोक त्यांना प्रियाताई म्हणून ओळखतच नसत, रजनी म्हणूनच हाक मारीत. कोणी घर बळकावले, कोणाचे पेन्शन अडले, कोणाला नवरा छळतो, अशी गाऱ्हाणी लोक त्यांच्यापुढे मांडू लागले. त्या काही मंत्री नव्हत्या की फौजदार नव्हत्या. मालिकेत अर्ध्या तासात सुटणारा प्रश्न खऱ्या आयुष्यात वर्षानुवर्षे सुटत नाही. तरीही लोकांनी टाकलेला विश्वास त्यांनी झिडकारला नाही. सामाजिक प्रश्नांवर त्या बोलत राहिल्या. पुढे वाहिन्या वाढल्यावर त्यांनी ‘प्रिया तेंडुलकर शो’ आणि ‘जिम्मेदार कौन’ अशा चर्चेच्या कार्यक्रमांचे सूत्रसंचालन केले. तेथेही काम तेच, समोरच्या माणसाला सरळ प्रश्न विचारण्याचे.

वडिलांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ या मालिकेतही त्यांनी मुख्य भूमिका केली. पण नटीला एका भूमिकेची मोठी कीर्ती मिळाली की बाकीच्या भूमिका तिच्या छायेत झाकल्या जातात. प्रियाताईंचे तसे झाले. ‘मोहरा’, ‘त्रिमूर्ती’, ‘गुप्त’ अशा नव्वदीच्या दशकातील हिंदी चित्रपटांत त्या दिसल्या, पण प्रेक्षक त्यांच्यात रजनीलाच शोधत राहिले.

याला एक सुरेख अपवाद झाला. १९९५ मध्ये झी वाहिनीवर ‘हम पाँच’ ही विनोदी मालिका आली. अशोक सराफ हे पाच मुलींचे त्रासलेले वडील. त्यांची पहिली पत्नी वारलेली, तिचा हार घातलेला फोटो भिंतीवर. तो फोटो बोलतो, नवऱ्याला टोमणे मारतो, सल्ला देतो आणि रागावतोही. त्या फोटोतली बायको म्हणजे प्रियाताई. चौकटीत बसून, हातवारे करायला फारशी जागा नसताना, केवळ चेहऱ्यावर आणि आवाजावर हसवायचे, हे सोपे काम नव्हे. घराघरांतून आजीपासून नातवापर्यंत सगळे त्यांना पाहून हसले. रजनीचा दरारा असलेल्या बाईंना विनोदही इतका चांगला जमतो हे तेव्हा लोकांना कळले.

पडद्यावरच्या कीर्तीत त्यांचा दुसरा गुण थोडा झाकला गेला. त्या मराठीत चांगले लिहीत. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘पंचतारांकित’ ही त्यांची पुस्तके आहेत. तेंडुलकरांसारख्या लेखकाच्या घरी जन्मून हाती लेखणी धरायची म्हणजे दर ओळीला वडिलांशी तुलना होणार, हे ठाऊक असूनही त्यांनी लिहिले. आपल्या मंडळाच्या वाचनालयात ही पुस्तके नसतील तर यंदाच्या खरेदीत ती जरूर घ्यावीत, अशी विनंती आहे.

संसारसुख मात्र त्यांना फारसे लाभले नाही. १९८८ मध्ये त्यांनी करण राझदान यांच्याशी विवाह केला. पडद्यावरचे पतिपत्नी प्रत्यक्षात पतिपत्नी झाले याचे लोकांना मोठे कौतुक वाटले. पण १९९५ मध्ये ते विभक्त झाले. त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. इतरांचे प्रश्न सोडवणाऱ्या बाईलाही स्वतःच्या घरचे काही प्रश्न सुटत नाहीत, हे आपण बायकांनी तरी समजून घ्यावे आणि त्यावरून तिला बोल लावू नये.

पुढे त्यांना स्तनाच्या कर्करोगाने गाठले. दीर्घकाळ त्यांनी त्या दुखण्याशी झुंज दिली. याच सुमारास तेंडुलकरांच्या घरावर एकामागून एक आघात झाले. २००१ मध्ये प्रियाताईंची आई निर्मलाबाई आणि भाऊ राजा हे दोघेही गेले. त्यानंतर वर्ष उलटले आणि १९ सप्टेंबर २००२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने मुंबईत प्रियाताईंचे निधन झाले. अठ्ठेचाळिसावा वाढदिवस बरोबर महिन्यावर आला होता. पत्नी, मुलगा आणि मुलगी यांना निरोप देऊन वृद्ध वडील मागे राहिले. १९ मे २००८ रोजी पुण्यात विजय तेंडुलकरांनीही जगाचा निरोप घेतला.

या दुखण्याविषयी दोन शब्द येथे लिहिणे आवश्यक वाटते. छातीत गाठ लागली तरी लाजेपोटी कोणाला न सांगणाऱ्या बायका आपल्या वाड्या-वस्त्यांवर आजही आहेत. सुगी आहे, पाहुणे आहेत, मुलीचे लग्न आहे, अशी कारणे काढून त्या दिवस लोटतात. दुकानदाराला विचारण्याचे धैर्य जसे हवे तसे डॉक्टरांना विचारण्याचेही हवे. वेळीच दाखवल्यास या दुखण्यावर उपचार होतात. तेव्हा गाठ लागल्यास लपवू नये, एकटीला जाववत नसेल तर शेजारणीला बरोबर घेऊन जावे.

प्रियाताईंच्या आयुष्याकडे पाहताना एक खंत वाटते. रविवारी सकाळी रजनी लढत होती तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या, पण बहुतेक जणींनी मनात म्हटले की आपल्या वतीने ती विचारते आहे तेवढे पुरे. विचारण्याचे काम आपण एका बाईवर सोपवले आणि तिला एकटीला पुढे केले. मालिकेतही रजनी एकटीच जाते आणि शेजारणी दारातून पाहत राहतात. लाटणी घेऊन निघालेल्या बायका मात्र हजारोंनी होत्या. एकटी बाई विचारते तेव्हा तिला भांडकुदळ म्हणतात, दहा जणी विचारतात तेव्हा तक्रारवही बाहेर येते. महिला मंडळ असते ते याचसाठी. हळदीकुंकू, भोंडला, सहली हे सारे हवेच. पण रेशन दुकानात धान्य कमी मिळाले, गॅसचे वजन भरले नाही, दवाखान्यात किंवा कचेरीत एखादीला उगाच खेटे घालावे लागले, तर तिच्यासोबत आपल्यापैकी चौघींनी जाऊन उभे राहावे.

याकरिता एक लहानशी सूचना आहे. मंडळाच्या कपाटात हिशेबाच्या वहीशेजारी एक गाऱ्हाण्यांची वही ठेवावी. ज्या भगिनीचे काही अडले असेल तिने तारीख घालून त्यात लिहावे आणि दर बैठकीत ती वही सर्वांसमोर वाचावी. कोणी कोणाबरोबर जायचे ते तेथेच ठरवावे, पावत्या आणि अर्जांच्या नकला जपून ठेवाव्यात. यंदाच्या वर्षात अशा दोन-तीन कामांचा जरी निकाल लागला, तरी पुढील वर्षीच्या अहवालात त्यांची नोंद करताना आपल्याला समाधान वाटेल आणि प्रियाताईंचे स्मरण केल्याचे सार्थक होईल.